बॉनेटवरचा हात

“एल्डन, माझ्या गाडीचा ताप बघतोयस होय रे?”

एल्डन वायबलने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ती निळी गाडी मार्लिस होफर्बरची असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मार्लिस आमच्या शेतकरी सोसायटीच्या दुकानाच्या दारात उभी होती, काखेत कुंपणाच्या खिळ्यांचं खोकं. मी काउंटरमागून दोघांनाही बघत होते. बघणं हेच माझं अर्धं काम आहे. उरलेल्या अर्ध्यात मी बियाणं, तारा आणि कोंबड्यांचा खुराक विकते.

“गरम आहे,” एल्डन म्हणाला.

“असणारच. आत्ताच आलेय मी. आणखी काही बातमी?”

आणखी बातमी नव्हती. त्याने टोपी काढली, आतला घामाचा पट्टा तपासला आणि परत घातली. बोलायचं टाळायचं असलं की आमच्या माळावरचे पुरुष टोपीत काहीतरी शोधतात.

“बरं झालं सापडलास,” मार्लिस म्हणाली. “माझं अंगण कधी करतोस?”

“मशीन जरा बिघडलंय गं.”

“वसंतात म्हणालास बियाणं मिळत नाही. उन्हाळ्यात म्हणालास पाठ धरलीय. आता मशीन. आर्डिस, याचं मशीन बिघडलंय का?”

आर्डिस म्हणजे मी. गवताच्या मशीनचे पट्टे, ब्लेड, तेल, सगळं एल्डन माझ्याकडूनच नेतो. ते मशीन माझ्या गुडघ्यांपेक्षा धड होतं. मी पावतीपुस्तकात डोकं घातलं आणि म्हटलं, “मला बाई मशीनमधलं काय कळतं?”

“तुला सगळं कळतं,” मार्लिस म्हणाली. “फक्त वेळेवर बोलत नाहीस.”

एल्डनचा धंदा सांगते. आमच्याकडे कोलोरॅडोच्या पूर्वेच्या माळावर शहरातून माणसं येतात, पस्तीस-पस्तीस एकरांचे तुकडे घेतात, मधोमध घर बांधतात आणि घराला चिकटून जुनिपरची झाडं लावतात. का, तर हिरवं दिसतं. जुनिपर म्हणजे उभी मशाल, फक्त अजून न पेटलेली. मग एल्डनला बोलावतात. तो झाडं छाटतो, घराभोवती खडी टाकतो, त्यापलीकडे बुटकं देशी गवत पेरतो, आणि त्याहीपलीकडचं उंच गवत कापत राहतो. शिवाय भंगार ओढून नेतो. आमचे जुने शेतकरी भंगार टाकत नाहीत, जमवतात. एल्डनने हात फिरवलेलं घर लांबून ओळखू येतं: न्हाव्याकडून नुकत्याच उठलेल्या माणसासारखं ते जरा लाजून बसलेलं दिसतं. पूर्वी तो दुकानात आला की खारे दाणे घ्यायचा आणि काउंटरला रेलून पस्तीस एकरवाल्यांच्या नकला करायचा. माझी कामं खोळंबायची. आगीनंतर दाणे बंद झाले. मी दाण्यांची मागवणी निम्मी केली, यावरून काय ते समजा.

आणि ही नवी सवय लागली. कुठल्याही अंगणात शिरला की कामाआधी तिथल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असो, गार असो, मग दार वाजवायचं, आतून माणसाचा आवाज ऐकायचा, मगच मशीन सुरू. दुकानापुढेही तेच. धान्यकोठारावरचा डेल्मर रोज ओरडायचा, “एल्डन, माझ्या म्हातारीची नाडी लागते का रे?” एल्डन हसायचा. हसताना हात मात्र तिथेच असायचा.

आग आदल्या वर्षीच्या मार्चमधली. कुणाच्या तरी ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत गेली, ठिणग्या उडाल्या, आणि वारा असा की दुकानाची पाटी उखडून पडली. आमच्याकडे गवत पेटलं की शेतकरी बंबाची वाट बघत नाहीत. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो मागे तव्यांचा नांगर जोडतो आणि आगीच्या पुढे धावत जमिनीचा पट्टा उलथून काढतो. काळ्या मातीपाशी आग थांबते. थांबली तर. त्या दिवशी सगळ्यांत पुढे एल्डन होता. होफर्बरांचं घर गावाच्या वायव्येला, आगीच्या वाटेवर. पट्टा घराच्या पलीकडून काढायचा की अलीकडून, एवढंच ठरायचं होतं. पलीकडून काढायला वेळ जास्त, आणि घराला जुनिपर चिकटलेले. बंबाच्या प्रमुखाने रेडिओवर विचारलं, “होफर्बरांकडे कुणी आहे का?” एल्डन त्यांच्या फाटकापर्यंत गेला, आणि त्याचा आवाज रेडिओवर आला: “कुणी नाही. गेलेत.”

तो आवाज मी दुकानात ऐकला. अख्ख्या गावाने ऐकला. बंब शाळेकडे वळला, एल्डनने पट्टा घराच्या अलीकडून काढला, गाव वाचलं.

मार्लिस त्या वेळी चर्चच्या स्वयंपाकघरात होती, कुणाच्या तरी मयताचं जेवण करत. रूबेन, तिचा नवरा, फोनवर तिला म्हणाला होता, “निघतोच.” निघाला नाही. तो घराच्या मागच्या बाजूला जुनिपरवर पाणी मारत होता. तिथेच सापडला. हातात पाइप होता. तो पाइप त्याने माझ्याकडून नेला होता. लांबीवरून बराच घोळ घातला होता.

एल्डनला कुणी बोल लावला नाही. धुरात काय दिसणार, असं सगळे म्हणाले. अंत्यसंस्काराला म्हणाले, कॉफीवर म्हणाले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. मला एक गोष्ट खटकत राहिली. हे वाक्य गावात प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. एल्डनच्या तोंडून एकदाही नाही.

तर आता मार्लिसने त्याच जागी लहानसं तयार घर आणून ठेवलं होतं, ट्रकवरून येतं तसलं. विमावाल्यांनी सांगितलं, भोवती मोकळं अंगण केल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही. शहरातून माणूस आला असता. पण एल्डनच हवा म्हणून मार्लिस अडून बसली होती.

“आर्डिस,” ती खोकं काउंटरवर ठेवत म्हणाली, “बुटक्या गवताच्या गोण्या मंगळवारी माझ्याकडे टाक. हा येईल पेरायला.”

“आणि नाही आला तर?” मी विचारलं.

“तर मी स्वतः पेरीन. वाकडंतिकडं पेरीन. आणि रस्त्याला पाटी लावीन, की हे एल्डन वायबलने पेरलंय.”

डेल्मर दारातून खिदळला. एल्डनने पुन्हा टोपी काढली, पण या वेळी आत बघितलं नाही.

“येतो,” तो म्हणाला.

मंगळवारी हवा स्वच्छ होती, पश्चिमेला डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसत होते. नोव्हेंबर म्हणजे आमच्या देशी गवताच्या पेरणीचा महिना. बी थंडीत झोपतं आणि वसंतात आपल्या मर्जीने उठतं. मी सोसायटीचा ट्रक घेऊन निघाले. होफर्बरांच्या फाटकाच्या अलीकडे एल्डनचा तो पट्टा लागतो. दीड वर्ष होऊन गेलं तरी सुरीने ओढल्यासारखा दिसतो. जळालेल्या बाजूला गवत कधीच परतलं, उलट जास्त दाट. न जळालेल्या बाजूला तर ते होतंच. मध्ये मात्र नांगरलेल्या जागेत वाळलेली सूर्यफुलं आणि काटेरी झुडपं. आमचा माळ जाळलेलं विसरतो, नांगरलेलं विसरत नाही.

एल्डनचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता. तो आत बसून होता. मला बघून खाली उतरला, जणू आत्ताच आला.

“रस्ता चुकलास की काय?” मी म्हटलं.

“हो ना,” तो म्हणाला. “नवीनच ना मी इथे.”

बोलला तेवढंच. मग आत गेला. निळी गाडी नव्या घराच्या पायरीला नाक लावून उभी होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला. मग दार वाजवलं. मार्लिस बाहेर आली, हात पिठाचे.

“माझी गाडी आहे, मी आहे, बोका आहे,” ती म्हणाली. “आणखी कुणाला हाक मारू?”

“नाही. ठीक आहे.”

दुपारपर्यंत तो कामात होता. खडी घर आणून ठेवणाऱ्यांनीच टाकली होती. त्याने जमीन हलकेच खरवडली, बी सोडलं, वरून रूळ फिरवला. मी गोण्या उतरवल्या आणि खरं म्हणजे निघायला हवं होतं. पण आतून बीरॉकचा वास येत होता, कोबी आणि खिमा भरलेल्या पावांचा. मार्लिसच्या बीरॉकसाठी मी याहून वाईट निमित्तं शोधली आहेत.

एल्डन काम करताना एका बाजूला बघतच नव्हता. जुन्या शेडच्या जागेकडे. शेड जळाली होती, तिथे आता फक्त सिमेंटचा चौथरा उरलाय. चौथऱ्याच्या शेजारी पूर्वी होफर्बरांची मेलेली पिकअप असायची. पांढरी. रूबेनने आयुष्यभर पांढऱ्याच गाड्या घेतल्या, एकाच कंपनीच्या. रंग निवडण्यात डोकं घालवायचं नाही म्हणायचा. एक बंद पडली तेव्हा तिला शेडशेजारी ढकललं आणि दुसरी तशीच आणली. मेलेली तिथे इतकी वर्षं होती की तिच्या खिडकीतून झुडूप उगवलं होतं आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. पाहुण्यांना रस्ता सांगताना आम्ही म्हणायचो, पांढरी मेलेली पिकअप दिसली की वळा. आगीच्या आधीच्या शरदात ती गेली. एल्डननेच साखळी लावून ओढून नेली.

जेवायला त्याला तीनदा हाक मारावी लागली. तो टेबलाच्या टोकाला बसला, बीरॉकचे दोन तुकडे केले आणि तुकड्यांकडे बघत राहिला.

“खा,” मार्लिस म्हणाली. “विष असतं तर आर्डिसने आतापर्यंत तीन खाल्ले नसते.”

“दोनच,” मी म्हटलं.

मार्लिसने कॉफी ओतली. भांडं खाली ठेवलं. मग साध्या आवाजात, मीठ मागावं तसं, म्हणाली, “एल्डन, त्या दिवशी तू फाटकापर्यंत आला होतास.”

मी उठले. “गोण्यांचं बघते जरा...”

“बस गं,” मार्लिस म्हणाली. “दुकानात उलटंसुलटं ऐकतेसच. हे निदान सरळ ऐक.”

मी बसले.

“सगळे म्हणतात धूर होता,” ती म्हणाली. “असेल. पण तू तसा माणूस नाहीस. तू कुणाच्या अंगणात कुत्र्याची वाटी हलवताना विचारतोस. आणि रेडिओवर म्हणालास, कुणी नाही. ‘दिसत नाही’ नाही म्हणालास. मला दुसरं काही नको. तू बघितलंस का आत? की बघायचीही गरज वाटली नाही तुला? रूबेन तसा काही फार लाडका नव्हता गावाचा, मला माहीत आहे. पण एकदा बघण्याइतका तर होता ना?”

एल्डनने हातातला तुकडा खाली ठेवला. मला वाटलं टोपीत हात घालेल. टोपी त्याने दाराशी काढून ठेवली होती.

“बघितलं,” तो म्हणाला.

“मग?”

“धूर फाटकापाशी नव्हता अजून. मागे होता, घरामागे. पुढचं सगळं दिसत होतं. पायरी, दार, शेड.” तो थांबला. “पिकअप दिसली. शेडजवळ. पांढरी.”

मार्लिसने कॉफीचं भांडं जरा बाजूला सारलं.

“मला वाटलं, ती मेलेली आहे,” एल्डन म्हणाला. “दारापुढे गाडी नाही, म्हणजे रूबेन गेला. शेडजवळची काय, ती असतेच. आणि मी बोललो रेडिओवर. नांगर खाली टाकला आणि वळलो. पट्टा अर्धा झाल्यावर आठवलं, ती तर मी नेली. माझ्या हाताने साखळी लावली होती तिला. रूबेन पायरीवर उभा राहून बघत होता, तू आत होतीस. मी वळून बघितलं. तोवर...”

त्याने पुढचं सांगितलं नाही. गरजही नव्हती. घड्याळ वाजत नव्हतं, नव्या घरात घड्याळच नव्हतं. बोका टेबलाखाली माझ्या बुटांच्या नाड्या चावत होता आणि मी त्याला चावू दिलं.

“माझ्या हाताने,” एल्डन पुन्हा म्हणाला.

मार्लिस उठली, खिडकीशी गेली, चौथऱ्याकडे बघत उभी राहिली. आता ती याला हाकलते, असं मला वाटलं. हाकललं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती, मी तर नाहीच.

“तू ती ओढून नेलीस ना,” ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, “तर आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. म्हणाला, शेड बोडकी दिसते. म्हणाला, इतकी वर्षं उभी होती बिचारी, काय खायला मागत होती का? मग एके दिवशी बघते तर आपली चांगली गाडी नेऊन तिथे लावलेली. मी म्हटलं, अरे दारापुढे लाव, पिशव्या आणायला लांब पडतं. तर म्हणाला, राहू दे गं, तिथे गाडी असायची डोळ्याला सवय आहे.”



“माझ्याही डोळ्याला होती,” एल्डन म्हणाला.

“हो,” मार्लिस म्हणाली.

ती परत येऊन बसली. तिचे हात टेबलावर होते, पीठ वाळून त्यांच्यावर भेगा पडल्या होत्या. “न्यायला तुला मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तो नको म्हणत होता. मी म्हटलं, जळण आहे ते, झुडूप वाढलंय आत, एल्डन येतोच आहे तर जाऊ दे. जुनिपर तोडू का म्हणून तू विचारलंस, तर ते नको म्हटलं. ते मला आवडायचे.”

मी आयुष्यभर माणसांचं देणं-घेणं बघत आलेय. कोण उधार नेतं, कोण नेत नाही, कोण नेऊन विसरतं. पण त्या टेबलावर कुणाच्या नावापुढे काय मांडायचं ते मला कळेना. त्या दोघांना कळत होतं की नाही, कोण जाणे. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

“कॉफी घे,” शेवटी मार्लिस म्हणाली. “गार होतेय. पूर्वेची बाजू राहिलीय अजून.”

त्याने कॉफी घेतली. बीरॉकही खाल्ला, दोन्ही तुकडे. मग जाऊन पूर्वेची बाजू पेरली.

ऊन उतरायला लागल्यावर तो फाटकाशी आला. शेवटच्या गोणीत अर्ध्याहून जास्त बी उरलं होतं. त्याने पट्ट्याकडे हात केला. “याच्यावर टाकू का?”

मार्लिसने मला विचारलं, “उरलेलं परत घेतेस का गं दुकानात?”

“उघडलेली गोणी घेत नाही.”

“मग टाक,” ती एल्डनला म्हणाली.

“पण हे चटकन धरणार नाही, मार्लिस. एकदा नांगरलं की हे गवत फार वर्षं लावतं. आपल्या डोळ्यांदेखत व्हायचं नाही.”

“मी म्हटलं का डोळ्यांदेखत?”

तो पट्ट्यावर उतरला आणि वाळलेल्या सूर्यफुलांमधून, हाताने बी फेकत, गावाच्या दिशेने चालत गेला. मशीनने झालं असतं. हाताने का, ते मी विचारलं नाही. वेळेवर बोलत नाही असं माझ्याबद्दल म्हणतात. कधीकधी तीच वेळ असते.

पुढच्या वसंतापासून एल्डन दर आठवड्याला तिच्याकडे गवत कापायला जातो. तो फाटकातून आत येतो, निळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतो, आणि आतून मार्लिसचा आवाज येतो, “आहे मी, एल्डन. आहे.” मग तो मशीन सुरू करतो. दार वाजवावं लागत नाही.

जूनमध्ये मी खुराक टाकायला गेले तर मशीन बंद, गवत तसंच, आणि एल्डन गाडीपाशी उभा. शर्ट पाठीला चिकटलेला. तो कधीपासून उभा होता कोण जाणे.

“अरे, ती घरात नाहीय,” मी म्हटलं. “बहिणीबरोबर बहिणीच्या गाडीतून गेलीय. सकाळी दोघी दुकानात येऊन गेल्या.”

“तू बघितलंस?”

“या डोळ्यांनी. उन्हाची टोपी विकली तिला. चल, काप गवत आणि मोकळा हो.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला आणि जागचा हलला नाही. बॉनेट उन्हाने तापलं होतं, तरी त्याने हात काढला नाही. मी खुराक उतरवला, कोंबड्यांना पाणी दिलं, काहीबाही करत राहिले. शेवटी बहिणीची गाडी आली. मार्लिसने लांबूनच बघितलं असणार, कारण बहिणीने फाटकात वेग कमी करायच्या आत तिने काच खाली केली आणि नवी टोपी हातात धरून ओरडली, “आहे मी, एल्डन! आहे!”

त्याने हात उचलला, पँटला पुसला आणि मशीनकडे गेला.

परवा मार्लिस दुकानात आली आणि गाडी धुवायचा साबण घेऊन गेली. तिथेच, आमच्या नळावर, तिने गाडी धुतली. चाकं धुतली, काचा धुतल्या, मागचा भाग तर घासून लख्ख केला. डेल्मर म्हणाला, “पुढचं राहिलं की गं!” तिने बादली पालथी केली, चिंधी पिळली आणि गाडीत बसून निघून गेली.

बॉनेट तसंच होतं. माळाची बारीक पिवळी धूळ, आणि तिच्यावर हाताच्या पंजाचे ठसे; जुने पुसट झालेले, नवे त्यांच्यावर.